देवाची चाकरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मंडळाच्या सभागृहाचे पत्रे गळू लागले होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. एका वृद्ध सरदारजींनी ते काम अंगावर घेतले. आषाढी एकादशीच्या आत ते पुरे व्हावे असा आमचा आग्रह होता, कारण त्या सायंकाळी नेहमीप्रमाणे भजन ठरलेले होते. प्रत्यक्षात काम एकादशीच्या दुपारपर्यंत लांबले. खाली सतरंज्या अंथरल्या जात होत्या, पेटीवाले सूर धरून पाहत होते आणि वर सरदारजी शेवटचा पत्रा बसवीत होते. कोणी तरी सहज नामदेवांचा एक अभंग गुणगुणू लागले. सरदारजी शिडीवरून उतरले, हात पुसले, पगडी नीट केली आणि आम्हांला विचारते झाले, ‘बाबा नामदेवांचे छप्पर कोणी घातले, ठाऊक आहे ना?’

जमलेल्या दहा-बारा मराठी मंडळींपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

मग त्यांनी सांगितले. नामदेवांची झोपडी पडली होती, ती कोणी तरी सुबक उभारून दिली. शेजारीण विचारू लागली, की हा सुतार कोण? त्याचा पत्ता सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव म्हणाले, की बाई, त्या सुताराची मजुरी प्रेमाची आहे; ती द्यावयाची तयारी झाली की तो न बोलावता येतो. ही सरदारजींच्या पदरची गोष्ट नव्हे. शिखांच्या धर्मग्रंथात सोरठ रागातील एका पदात ती आहे आणि ते पद नामदेवांचेच आहे.

नामदेवांचा काळ परंपरेने इ. स. १२७० ते १३५० असा धरतात. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली जो आदिग्रंथ सिद्ध केला त्यात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान हे गाव आहे. नामदेवांचे तेथे दीर्घ वास्तव्य झाले असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहेत. एप्रिल २०१५ मध्ये त्याच घुमान येथे डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन भरले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पंढरपूरचे नामदेव आणि पंजाबचे नामदेव हे एकच की दोन, असा वाद अभ्यासकांनी घातलेला आहे. पंजाबी पदांत वारंवार येणारे ‘बीठल’ हे नाव आणि आपण छिपा, म्हणजे कापडावर राबणाऱ्या जातीचे, असा त्यांनी स्वतः केलेला उल्लेख पाहता आम्हांला तरी ते दोन वाटत नाहीत. असो. तो वाद येथे वाढविण्याचे कारण नाही.

सरदारजींच्या त्या प्रश्नाने आमच्या मनात एक वेगळेच कुतूहल जागे केले. देवाने सुतारकाम केले. आणखी कोणती कामे केली? लहानपणापासून ऐकलेल्या संतकथा एकेक करून आठवू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षे डोळ्यांसमोर असूनही दिसली नव्हती. आपल्या संतचरित्रांत चमत्कारांची वाण नाही. पण जेथे जेथे देव माणसाचे रूप घेऊन घरात शिरतो तेथे तेथे तो बहुधा कामाला लागतो, आणि ते कामही कोणाचे, तर राबणाऱ्याचे. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या, मूळच्या गंगाखेडच्या जनाबाईबरोबर तो दळण दळतो, तिच्यासंगे शेण्या वेचतो. पंढरपूरनजीक गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जे जाते दाखवितात त्याच्या खुंट्याला हात लावून पाहिल्याशिवाय वारकरी स्त्री पुढे जात नाही. सेना न्हावी पूजेत गुंतला असता देव धोपटी काखेला मारून राजवाड्यावर जातो आणि राजाची हजामत करून, तेल लावून येतो. पैठणला एकनाथांच्या वाड्यात तो श्रीखंड्या नावाचा गडी होऊन बारा वर्षे गोदावरीचे पाणी वाहतो. आणि मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई अडली असता, चोखोबा घरी नसताना, तो चोखोबांची बहीण निर्मळा हिचे रूप घेऊन येतो व तिचे बाळंतपण करतो.

या शेवटच्या कथेपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. देव बाईचे रूप घेतो, तेही मोहिनीचे नव्हे, नणंदेचे. आणि जे काम शिवाशिवीच्या दृष्टीने विटाळाचे, ते तो आपल्या हातांनी करतो. परमुलखात पहिले बाळंतपण निभावलेल्या आपल्या मंडळातील भगिनींना ही कथा वेगळ्याने सांगावयास नको. आईला रजा मिळालेली नसते किंवा गाडीचे आरक्षण मिळालेले नसते, सासूबाई थकलेल्या असतात, आणि मग भिंतीपलीकडची बंगाली किंवा तमिळ शेजारीण येऊन उशाशी बसते. अशा वेळी आपल्या तोंडून एकच वाक्य निघते, की ती देवासारखी धावून आली. मराठीत हा वाक्प्रचार इतका रुळलेला आहे की त्यामागे सातशे वर्षांच्या कथा आहेत याचे भान कोणाला राहत नाही.

या कथांना ग्रंथरूप देणाऱ्यांत अग्रमान महीपतीचा. हा ताहराबादचा. ते गाव आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात राहुरीकडे आहे. जन्म १७१५, मृत्यू १७९०. १७६२ साली त्याने ‘भक्तविजय’ हा ५७ अध्यायांचा ग्रंथ पुरा केला आणि १७७४ साली ‘भक्तलीलामृत’. विशेष असा की आपल्याआधी ग्वाल्हेरकडे नाभाजीने आणि माणदेशात उद्धवचिद्घनाने संतचरित्रे रचली, त्यांचा आधार आपण घेतला आहे, असे तो ग्रंथारंभी मोकळेपणाने सांगतो. म्हणजे आपण ज्यांना अस्सल मराठी मातीतल्या कथा समजतो त्यांतील कित्येक उत्तरेकडच्या नाभादासाच्या ‘भक्तमाल’शी नाते सांगतात. सेना न्हाव्याचेच पाहा. मराठी परंपरा त्याला आपला म्हणते. उत्तरेकडील लोक तो बांधवगडच्या राजाचा न्हावी होता असे सांगतात. आदिग्रंथात त्याचे एक पद आहे आणि देवाने त्याची चाकरी केल्याची कथा भाई गुरदासांच्या वारांतही आलेली आहे. सेना कोणत्या गावचा हे ठरविण्यात आम्हांला रस नाही. एका न्हाव्यावर इतक्या प्रांतांनी हक्क सांगावा, हेच नवल आहे.

महीपती व्यवसायाने कुळकर्णी होता. गावचे दप्तर, वसुलाचे हिशेब, पावत्या हे त्याचे नित्याचे काम. पूजेला बसला असता मुसलमान जहागीरदाराचे बोलावणे आले, पूजा अर्धी टाकून जावे लागले, आणि परत आल्यावर त्याने पुन्हा सरकारी लेखणी धरावयाची नाही असा निश्चय केला, अशी आख्यायिका आहे. लेखणी खाली ठेवली खरी, पण कुळकर्ण्याची नजर कोठे जाते? दामाजीपंतांची कथा सांगताना ती नजर स्पष्ट दिसते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. तरी येथे ती थोडक्यात सांगणे भाग आहे. पंधराव्या शतकात मंगळवेढे बेदरच्या बहामनी सुलतानाच्या अमलाखाली होते आणि दामाजीपंत तेथील अधिकारी होते. दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मरू लागली. सरकारी कोठारात धान्य होते आणि ते पंतांच्या ताब्यात होते. पंतांनी कोठारे उघडली. ही बातमी बेदरला गेली आणि पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. इकडे पंत वाटेत असताना तिकडे दरबारात विठू नावाचा एक महार येऊन उभा राहिला. कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडे, हातात काठी. धन्याने धान्याचे पैसे पाठविले आहेत, मोजून घ्या, म्हणाला. लहानशी थैली ओतली तर मोहरांचा ढीग. रक्कम चुकती झाल्यावर तो निघून गेला नाही. पावती मागितली. ती घेतली, आणि वाटेत पंतांच्या पोथीत नेऊन ठेवली.

पैसे भरल्यावर पावती मागणारा देव आम्हांला अन्यत्र कोठे आढळलेला नाही. ही गोष्ट कुळकर्ण्यालाच सुचावी. परंतु यात केवळ कल्पनाविलास आहे असेही नव्हे. जुन्या गावगाड्यात महाराची कामे कोणती, हे इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. वेशीवर पहारा करणे, सीमेच्या वादात साक्ष देणे, निरोप पोहोचविणे, सरकारी माणसांचे ओझे वाहणे आणि गावचा वसूल खजिन्यात पोहोचता करणे. शेकडो रुपयांची थैली खांद्यावर टाकून हा माणूस एकटा रानावनातून कसबा गाठी आणि पावती घेऊन परते. ज्याच्या हातचे पाणी गाव घेत नसे त्याच्या हाती गाव आपला सारा पैसा विश्वासाने देत असे. या विसंगतीचा विचार जितका करावा तितका थोडा. तेव्हा दामाजीपंतांच्या कथेत देवाने चतुर्भुज रूप न घेता महाराचे रूप का घेतले, या प्रश्नाचे एक उत्तर अगदी व्यवहारातले आहे: ते काम त्याचेच होते. महारांच्या बावन्न हक्कांची परंपरादेखील बेदरच्या बादशहाशीच जोडली जाते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता याच मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट. ती दामाजीपंतांच्या आधी शंभराहून अधिक वर्षांची, इ. स. १३३८ ची. गावकुसाचे बांधकाम निघाले होते आणि त्यावर वेठीला महार लावलेले होते. त्यांत चोखामेळा होते. काम चालू असता कूस कोसळले आणि अनेक माणसे तिच्याखाली गाडली गेली. चोखोबा त्यांतच गेले. परंपरा सांगते की नामदेव तेथे आले, ढिगाऱ्यातील अस्थी एकेक कानाशी नेऊन पाहिल्या, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून वेचून घेतल्या आणि पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

आम्ही ही कथा अनेक कीर्तनांत ऐकली. अस्थींतून नाम निघते तेथे बुवा थांबतात, टाळ वाजतात, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. पण एक प्रश्न कोणी विचारीत नाही. जनाबाईचे जाते ओढावयास जो आला, सेन्याची धोपटी ज्याने उचलली, सोयराबाईच्या बाळंतपणाला जो धावला, तो त्या दिवशी कोठे होता? कोसळत्या भिंतीला खांदा देणे हे काही त्याला अवघड नव्हते. परंपरेने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही आणि आमच्यापाशीही ते नाही. देव सामान्य माणसांच्या हातून काम करतो, हे वाक्य उत्सवात बोलावयाला फार सोपे आहे. १३३८ च्या त्या ढिगाऱ्यापाशी उभे राहून ते उच्चारताना जीभ अडखळते. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा यानेही आपल्या अभंगांतून देवाला याच तऱ्हेचे कडू प्रश्न विचारलेले आहेत. त्या काळच्या संतमंडळींनी ते अभंग जपून ठेवले, टाकून दिले नाहीत, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

आमचा एक तर्क आहे. त्याला पुराव्याचा आधार नाही, तेव्हा वाचकांनी तो तेवढ्यापुरताच घ्यावा. ज्या गावात वेठीचे महार भिंतीखाली चिरडले गेले त्याच गावाने पुढे देव महार होऊन आल्याची कथा जतन केली. हा केवळ योगायोग असेल. पण गावांनाही स्मृती असते, आणि झाल्या गोष्टीची टोचणीही असते.

टोचणी असेल, पण तिने दार उघडले नाही. विठू महाराची कथा ऐकून गदगदून जाणाऱ्यांनी हाडामांसाच्या महाराला विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढू दिली नाही. चोखोबांची समाधी दाराबाहेर, आणि त्यांच्या ज्ञातीचे लोक त्या समाधीपाशी थांबून कळसाला हात जोडून परत जात. एक नव्हे, दोन नव्हे, सहा शतके. येथे आपल्या त्या गोड वाक्प्रचाराचा कडू अर्थ समजून घ्यावा लागतो. ‘तो माणूस नव्हे, देवच आला होता’ असे आपण म्हणतो तेव्हा देवाचा मान वाढतो; त्या माणसाचे मात्र नाव पुसले जाते. पैसे घेऊन बेदरला चालत गेलेले खरे महार शेकड्यांनी झाले असतील. त्यांपैकी एकाचेही नाव कथेत उरलेले नाही. जे नाव उरले ते देवाचे.

पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तेथे दहा दिवस उपोषण केले आणि त्याच वर्षी देऊळ सर्वांना खुले झाले. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्यांनी तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे: तमिळ देशीचे नंदनार, काशीचे रविदास आणि मंगळवेढ्याचे चोखामेळा. तीन प्रांत, तीन भाषा, आणि तिघेही देवळाच्या बाहेर ठेवले गेलेल्या समाजांतील. बाबासाहेबांना देवाच्या चमत्कारांशी कर्तव्य नव्हते. त्यांनी माणसांची नावे लिहिली.

या कथा महाराष्ट्राबाहेर किती दूरवर गेल्या, हे पाहिले म्हणजे आपणा परप्रांतस्थांना एक प्रकारचा दिलासा मिळतो. तंजावरला भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी कीर्तन रुजले. पुढे एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील कीर्तनकार तिकडे गेले, आणि तंजावर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांच्यासारख्यांनी त्यांच्या पद्धतीवरून तमिळ हरिकथा घडविली. तीत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आजही गायिली जातात. कर्नाटकात १९७४ साली ‘भक्त कुंबार’ हा कन्नड चित्रपट निघाला, त्यात राजकुमार यांनी तेरचे गोरोबा काका उभे केले. गोरोबांनी थापटण्याने सर्व संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही मौज आम्हांला सर्व कथांत अधिक प्रिय आहे. विद्वानांच्या सभेत परीक्षक म्हणून कुंभार बसतो, आणि त्याचा निकाल सर्वांना मान्य होतो. अरणचे सावता माळी तर पंढरपूरला गेलेच नाहीत. मळा सोडून जाणे त्यांना जमले नाही. त्याची भरपाई अशी, की इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात आणि विठ्ठलाची पालखी सावतोबांच्या अरणला जाते.

विसाव्या शतकात मात्र या परंपरेने एक विलक्षण वळण घेतले, आणि ते ज्यांच्यामुळे घेतले त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा, आणि जेवणासाठी व प्रसंगी डोक्यावर घालण्यासाठी एक मातीचे गाडगे. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की ते प्रथम रस्ता झाडू लागत. गटारे साफ करीत. सायंकाळ झाली की त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न. देव नैवेद्य खातो काय, देवाला कपडे नेसवितो कोण, त्याच्यापुढच्या खिरापतीवरून कुत्रा हाकलतो कोण, अशा धर्तीचे. लोक पोट धरून हसत आणि हसता हसता गप्प होत. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते मिळवून अवश्य वाचावे.

गाडगेबाबांनी देव दाखविला तो येथे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, मुलांना शिक्षण, बेघराला आसरा. ऋणमोचनला पूर्णेचे घाट बांधून आरंभ केला आणि मग पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातील एका धर्मशाळेला त्यांनी चोखामेळ्याचे नाव दिले. देवळाच्या दाराबाहेर ज्यांना थांबविले जाई त्यांना पंढरपुरात पाठ टेकावयास जागा तरी असावी, हा त्यामागचा हेतू. १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आसऱ्याला आलेल्या गोरगरिबांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधविली. आणि पुढे त्यांच्या नावाने चाललेल्या मिशनने दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी सोय केली. तेथे परप्रांतांतील कितीतरी कुटुंबे उतरतात. या मंडळाच्या सभासदांपैकीही काहींनी आपल्या माणसांच्या आजारपणात तेथल्या सतरंजीवर रात्री काढलेल्या आहेत.

२० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या निधनानंतर चौदा दिवसांनी, अमरावतीनजीक गाडगेबाबांचा अंत झाला. त्यांच्याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत, पण एक कथा कोणी रचली नाही. गाडगेबाबांच्या रूपाने देव येऊन रस्ता झाडून गेला आणि गाडगेबाबा त्या वेळी दुसरीकडेच होते, असे कोणी म्हटले नाही. म्हणण्याची सोयच नव्हती. ज्याच्या हातात खराटा होता तो माणूस दिसत होता, त्याला नाव होते, जात होती, गाव होते. महीपतीच्या कथांत देव माणसाच्या जागी कामाला येतो. येथे माणूस स्वतःच कामाला उभा आहे आणि पाहणाऱ्याला त्यात देव दिसला तर त्याने पाहावा. या दोहोंतील अंतर आम्हांला फार मोलाचे वाटते. पहिल्या प्रकारात माणूस विसरला जाण्याची भीती असते. दुसऱ्या प्रकारात नसते.

अर्थात जुन्या परंपरेत हे बीज नव्हतेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याचा म्हणून जो रांजण आहे त्याची रीत पाहा. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. काशीहून रामेश्वराला न्यावयाची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारा हा महात्मा. ‘जोहार’ घालणाऱ्या महाराच्या मुखाने भारुडे बोलणारा हा कवी. त्यांच्या घरी ज्याने बारा वर्षे पाणी भरले त्याची आठवण म्हणून नाथषष्ठीच्या उत्सवाच्या सुमारास भाविक त्या रांजणात घागरींनी पाणी ओततात. किती घागरी लागतील याचा नेम नसतो. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागेल, त्याच्या रूपाने श्रीखंड्या येऊन गेला असे समजून त्याचा सन्मान करतात. तो कोणी शेतकरी असेल, कोणी मजूर, कोणी शाळेत जाणारी मुलगी. त्याच्याआधी पाणी ओतून गर्दीत मिसळून गेलेल्यांची घागर त्या पाण्यात असतेच.

या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी मंडळाचे जुने दप्तर चाळावयाचे काम आमच्याकडे आले होते. पन्नास वर्षांच्या अध्यक्षांची, चिटणिसांची नावे वळणदार अक्षरांत लिहिलेली आहेत. देणगीदारांचीही आहेत. गणेशोत्सवात दहा दिवस भांडी घासणाऱ्या बाईचे नाव कोठेही नाही. ‘मोलकरीण’ असा खर्चाच्या सदरात उल्लेख आहे, एवढेच. नाट्यप्रयोगांच्या रात्री पडदा ओढणारा, टाळेबंदीच्या दिवसांत, २०२० साली, वृद्ध सभासदांच्या दारी औषधे पोहोचविणारा मुलगा, यांचीही तीच गत. जी नावे मिळविता आली ती विचारून विचारून मिळविली. भांडी घासणाऱ्या बाईंची मुलगी आता याच शहरात परिचारिका आहे. तिने आईचे नाव सांगितले, आणि ते कशासाठी हवे आहे असे दोनदा विचारले.

त्याच फायलीत सरदारजींची पावतीही सापडली. पत्र्यांची संख्या आहे, रक्कम आहे, तारीख आषाढ शुद्ध एकादशीची आहे. सही गुरुमुखीत. आम्हांपैकी कोणालाही ती वाचता आली नाही. गुरुद्वारात जाऊन तेथील ग्रंथींना दाखविली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि नाव एका कागदावर नागरीत लिहून दिले. ते या अंकाच्या अखेरीस दिलेल्या यादीत छापले आहे.